मधली तेरा वर्षं: क्रांतीतून अमेरिकेचं सरकार कसं उभं राहिलं

तुम्ही विचारलंय, की अमेरिका १७७६ मध्ये स्वतंत्र झाली, तर जॉर्ज वॉशिंग्टन पहिला राष्ट्राध्यक्ष १७८९ मध्ये कसा? मधली तेरा वर्षं कारभार कोण बघत होतं? राजाला झुगारून देणाऱ्या लोकांनी पुन्हा आपल्या डोक्यावर सरकार का बसवून घेतलं? आणि परीक्षेत सरकार स्थापनेची तारीख कोणती लिहायची? मी सव्वीस वर्षं एम.ए.च्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवतोय. हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्षातून एखादाच भेटतो आणि तो भेटला की मला फार आनंद होतो, कारण पुस्तकातली फट त्याने बरोबर पकडलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक पुस्तकांत बोस्टनचा चहा, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, यॉर्कटाऊनला इंग्रज फौजेची शरणागती आणि मग एकदम राज्यघटना येते. मधलं सगळं दोन ओळींत उरकलेलं असतं. खरी गोष्ट त्या दोन ओळींत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा गोंधळ होतो त्याला आपला स्वतःचा इतिहास कारण आहे, असं मला वाटतं. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले तेव्हा दिल्लीत सचिवालय होतं, तिजोरी होती, फौज होती, रेल्वे होती. १९३५ चा कायदा थोडाफार बदलून आपण २६ जानेवारी १९५० पर्यंत कारभार चालवला. घर उभं होतं, मालक बदलला. आपण नकळत हेच चित्र अमेरिकेवर बसवतो आणि विचारतो, इंग्रज गेल्यावर खुर्चीवर कोण बसलं? पण तिथे ती खुर्चीच नव्हती. तेरा वसाहतींची मिळून एक राजधानी, एक गव्हर्नर, एक तिजोरी असं कधी काही नव्हतंच. प्रत्येक वसाहत स्वतंत्रपणे लंडनला बांधलेली होती. एकाच खुंटीला बांधलेले तेरा दोर म्हणा. खुंटी उपटली तेव्हा तेरा दोर सुटे झाले, त्यांना आपापसात बांधणारी गाठ कुठेच नव्हती.

म्हणून मी विद्यार्थ्यांना प्रश्न असा फिरवून देतो: आधीच तेरा सरकारं असताना त्या लोकांनी चौदावं सरकार का मान्य केलं? असं विचारलं की १७७६ ते १७८९ हा काळ मोकळी जागा वाटत नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुठे उभे राहून बघता यावर अवलंबून आहे. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या वसाहती आपला गव्हर्नर आधीपासून स्वतःच निवडत होत्या. त्यांनी जुनी सनद तशीच ठेवली, फक्त राजाचं नाव काढलं. तिथल्या माणसाला क्रांतीने सरकार बदललं असं फारसं जाणवलंही नसेल. पेनसिल्व्हेनियात मात्र जुनी व्यवस्था मुळापासून उखडली गेली. राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या सुमारे ६० हजार लोकांना देश सोडावा लागला. गुलामांसाठी तर ही गोष्ट वेगळीच आहे, तिच्याकडे पुढे येतो. मी इथे मुख्यतः मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने सांगणार आहे, कारण क्रांती आणि सरकार यांचा सांधा तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

सुरुवात कराच्या भांडणापासून. १७६३ मध्ये फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध संपलं तेव्हा इंग्लंड कर्जात बुडालेलं होतं. पार्लमेंटने १७६५ मध्ये स्टॅम्प अ‍ॅक्ट आणला. वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांच्या कॅटवरही मुद्रांक. वसाहतींमध्ये तेव्हा निवडून आलेल्या सभा जुन्या होत्या. व्हर्जिनियाची तर १६१९ पासूनची. कर त्या बसवायच्या, अनेक ठिकाणी गव्हर्नरचा पगारसुद्धा त्याच मंजूर करायच्या. त्यामुळे लोकांचं म्हणणं साधं होतं: ज्या सभेत आमचा माणूस नाही तिने आमच्या खिशात हात घालायचा नाही. तो कर मागे घेतला गेला, पण १७६६ मध्ये पार्लमेंटने जाहीर केलं, की वसाहतींसाठी कुठलाही कायदा करायचा हक्क आमचाच. यानंतरचं भांडण रकमेचं राहिलं नाही.

चहाच्या प्रकरणात आपल्याकडचा एक धागा आहे, तो मी वर्गात मुद्दाम सांगतो. बंगालची दिवाणी मिळवलेली ईस्ट इंडिया कंपनी १७७२ मध्ये आर्थिक संकटात सापडली होती आणि तिच्या वखारींत चहा पडून होता. तो थेट अमेरिकेत विकायची मुभा १७७३ च्या कायद्याने तिला दिली. चहा चीनचा, कंपनी आपल्या देशात राज्य करणारी, आणि त्याच्या ३४२ पेट्या १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात पाण्यात गेल्या.

ही घटना सगळ्यांना माहीत असते. पण तिच्या शिक्षेतला एक भाग पुस्तकात राहून जातो. बोस्टनचं बंदर बंद केलं हे लिहिलेलं असतं. त्याबरोबर आणखी एक कायदा आला, त्याने मॅसॅच्युसेट्सचं स्वराज्यच काढून घेतलं. वरिष्ठ मंडळ यापुढे राजा नेमणार, न्यायाधीश आणि शेरीफ (कोर्टाचे हुकूम बजावणारे अधिकारी) गव्हर्नर नेमणार, आणि गावाची सभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच भरणार. चहा महाग की स्वस्त याच्याशी आतल्या गावांतल्या शेतकऱ्याला फार कर्तव्य नव्हतं. पण गावाची सभा आणि कोर्ट हे त्याचं रोजचं जगणं होतं. कर्ज, गहाण, जप्ती, वाटणी सगळं त्या कोर्टात. ते कोर्ट आता राजाच्या हुकमाने चालणार.

इथे वूस्टर नावाचं गाव लक्षात ठेवा. ६ सप्टेंबर १७७४ ला तिथे कोर्ट बसायचं होतं. आसपासच्या गावांतून साडेचार हजारांहून अधिक माणसं आली आणि मुख्य रस्त्याच्या दोन्ही कडेला आपापल्या गावाच्या तुकडीत उभी राहिली. मग न्यायाधीशांना आणि अधिकाऱ्यांना टोप्या हातात घेऊन त्या रांगांमधून चालायला लावलं. थोडं चालायचं, थांबायचं, आपण हे पद सोडतो असं मोठ्याने वाचून दाखवायचं, पुन्हा थोडं चालायचं. शेवटच्या तुकडीलासुद्धा ते ऐकू गेलं पाहिजे, असा आग्रह होता. गोळी सुटली नाही, कोणी मेलं नाही. पण त्या दिवसापासून वूस्टर परगण्यात राजाचं राज्य संपलं. युद्धाची पहिली ठिणगी पडली ती लेक्सिंग्टनची चकमक व्हायला अजून सात महिने होते.

मग रिकाम्या जागेत काय आलं? समित्या. त्याच शरद ऋतूत फिलाडेल्फियाला पहिली कॉन्टिनेंटल काँग्रेस, म्हणजे वसाहतींची एकत्र सभा, भरली. जॉर्जिया सोडून बारा वसाहतींचे प्रतिनिधी होते. त्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार पुकारला आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला प्रत्येक परगण्यात, प्रत्येक गावात समिती निवडायला सांगितलं. या समित्या दुकानदारांच्या वह्या तपासायच्या, बहिष्कार मोडणाऱ्यांची नावं छापायच्या, हळूहळू शस्त्रं आणि धान्यही गोळा करू लागल्या. कागदावर हे सरकार नव्हतं, प्रत्यक्षात तेच सरकार होतं. त्यांनी विरोधकांवर कडक जुलूमही केला, हे विसरू नये.

मे १७७६ मध्ये दुसऱ्या काँग्रेसने वसाहतींना सांगितलं, की राजाच्या अधिकाराखालची सरकारं बंद करा आणि लोकांच्या अधिकारावर नवी उभी करा. मी विद्यार्थ्यांना सांगतो, की ४ जुलैच्या आधी १५ मे वाचा. स्वातंत्र्याच्या बाजूने मत २ जुलैला पडलं, जाहीरनाम्याचा मजकूर ४ जुलैला मंजूर झाला. पण न्यू हॅम्पशायरने जानेवारीतच आपली घटना केली होती आणि व्हर्जिनियाची जूनमध्ये तयार होती. राजाच्या गव्हर्नरांनी पोळलेले लोक होते, म्हणून त्यांनी गव्हर्नरला पुरतं बांधून टाकलं. व्हर्जिनियात तो एका वर्षासाठी, तोही सभेने निवडलेला. पेनसिल्व्हेनियाने गव्हर्नरच ठेवला नाही. न्यू जर्सीच्या घटनेत मालमत्तेची अट होती, पण पुरुष असण्याची नव्हती, त्यामुळे तिथे काही स्त्रिया मतदान करत होत्या. १८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला गेला.

यातला सर्वांत मोलाचा शोध एका गावसभेतून आला असं माझं मत आहे, आणि ते मी ठामपणे मांडतो. बहुतेक राज्यांत घटना साध्या विधिमंडळानेच लिहिली. मॅसॅच्युसेट्समध्येही तसंच ठरत होतं. ऑक्टोबर १७७६ मध्ये कॉन्कर्ड गावाच्या सभेने त्याला हरकत घेतली. त्यांचा युक्तिवाद असा: घटना म्हणजे सरकारपासून आपलं रक्षण करणारी गोष्ट, जे मंडळ ती बनवेल त्याला ती बदलताही येईल, मग रक्षण कसलं? १७७८ मध्ये विधिमंडळाने मसुदा केला तो गावांनी फेटाळला. शेवटी फक्त घटना लिहिण्यासाठी वेगळी सभा निवडली, जॉन अ‍ॅडम्सने मसुदा केला, गावोगाव तो वाचला गेला, कलमागणिक चर्चा झाली आणि १७८० मध्ये तो मंजूर झाला. ती घटना दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. आधी खास सभा, मग लोकांची मंजुरी, ही रीत इथे पक्की झाली. राष्ट्रासाठी पुढे हीच वापरली.

आता तेरा राज्यांच्या मधल्या गाठीकडे येऊ. काँग्रेसने १७७७ च्या नोव्हेंबरमध्ये महासंघाचा करारनामा मंजूर केला. तो लागू व्हायला १ मार्च १७८१ उजाडला, कारण पश्चिमेकडच्या जमिनींवरचे हक्क मोठी राज्यं सोडत नाहीत तोवर मेरीलँड सही करायला तयार नव्हतं. या करारात प्रत्येक राज्याला एक मत. महत्त्वाच्या ठरावाला नऊ राज्यं हवीत, करारातच बदल करायचा तर तेराच्या तेरा. स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नाही. काँग्रेसला अध्यक्ष असायचा, पण तो सभा चालवणारा, राज्य चालवणारा नव्हे. म्हणून तुमच्या प्रश्नातलं १७८९ बरोबर आहे. आणि कर बसवायचा अधिकार काँग्रेसला नाही. तिने राज्यांकडे मागायचं, त्यांनी जमलं तर द्यायचं.

याचा अर्थ डोक्यात उतरावा म्हणून मी वर्गात एक खेळ घेतो. तेरा विद्यार्थ्यांना तेरा राज्यांच्या चिठ्ठ्या देतो आणि ठराव मांडतो: सैनिकांचे पगार थकलेत, सावकारांचं व्याज थकलंय, आयात मालावर पाच टक्के जकात बसवू. सगळ्यांचा होकार लागतो. बाराजण हो म्हणतात. ऱ्होड आयलंडची चिठ्ठी मिळालेली मुलगी विचारते, "सर, आमचं सगळं उत्पन्न बंदरावर आहे, ते मी दुसऱ्यांना का देऊ?" तिचं बरोबर असतं. ठराव पडतो. वर्ग गप्प होतो, कारण कोणीच वाईट वागलेलं नसतं आणि तरी सगळं अडकलेलं असतं. प्रत्यक्षात हेच घडलं. १७८१ चा पाच टक्क्यांचा प्रस्ताव ऱ्होड आयलंडने १७८२ मध्ये नाकारला. १७८३ मध्ये पुन्हा मांडला, तो शेवटी न्यूयॉर्कने अडवला.

पैसा नसला की काय होतं? काँग्रेसने नोटा छापल्या. १७८० मध्ये तिने स्वतःच चाळीस कागदी डॉलरला एक नाणं असा भाव मान्य केला. १७८३ च्या मार्चमध्ये न्यूबर्गच्या छावणीत पगार थकलेले अधिकारी काँग्रेसला धाक दाखवायच्या बेतात होते. वॉशिंग्टन त्यांच्यासमोर आला, भाषण केलं, पण चेहरे निवळले नाहीत. मग एक पत्र वाचायला काढलं आणि अक्षर लागेना म्हणून खिशातून चष्मा काढला. आपला सेनापती चष्मा लावतो हे बहुतेकांनी तोवर पाहिलं नव्हतं. तुमच्या सेवेत केस पिकले, आता दृष्टीही चालली, अशा अर्थाचं तो काहीतरी म्हणाला आणि कित्येकांचे डोळे भरून आले. बेत तिथेच मोडला. त्याच वर्षी २३ डिसेंबरला त्याने काँग्रेसपुढे राजीनामा दिला आणि तो घरी गेला. क्रांतीनंतर सत्ता फौजेच्या हातात गेली नाही, यात त्या दोन प्रसंगांचा वाटा फार मोठा आहे. कितीही वेळा शिकवलं तरी हा भाग सांगताना माझा आवाज बदलतो.

पण सैनिकांचा पगार चष्म्याने भागत नाही. त्याच १७८३ च्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला आणि काँग्रेसला प्रिन्स्टनला निघून जावं लागलं. इंग्लंडशी तह सप्टेंबरमध्ये झाला. तो मंजूर करायला नऊ राज्यांचे प्रतिनिधी लागत, तेवढे जमायला जानेवारी १७८४ उजाडला.

या व्यवस्थेला नुसतं अपयशी म्हणू नका, असं मी नेहमी सांगतो. युद्ध याच काँग्रेसने जिंकलं. अर्थात फ्रान्सच्या आरमाराशिवाय ते जमलं नसतं, आणि त्याच वर्षांत इंग्रज आपल्याकडे मराठ्यांशीही लढत होते, १७७९ मध्ये वडगावला मात खात होते. यॉर्कटाऊनला शरण आलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला, तोच हा. आणि १७८७ च्या जुलैमध्ये याच काँग्रेसने ओहायो नदीच्या वायव्येकडच्या मुलखासाठी कायदा केला: तिथे नवी राज्यं होतील, ती जुन्यांच्या बरोबरीची असतील, आणि तिथे गुलामी नसेल. नव्या मुलखाला वसाहत न करता बरोबरीचं राज्य करायचं, हा निर्णय त्या काळात केवढा मोठा होता! मात्र मूळ रहिवाशांच्या जमिनीवर ती राज्यं उभी राहिली, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

आता पुन्हा वूस्टर. १७८६. युद्धाच्या काळातलं कर्ज फेडायला मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने जबर कर बसवले आणि ते नाण्यात मागितले. पश्चिमेकडच्या शेतकऱ्याकडे नाणं नव्हतं. तो गाई, धान्य, मजुरी यावर व्यवहार करणारा. कर थकला की कोर्ट, कोर्टानंतर जप्ती, काहींच्या वाट्याला कर्जापायी तुरुंग. यातले कितीतरी जण युद्धात लढलेले, आणि पगाराऐवजी मिळालेले रोखे त्यांनी कधीच कवडीमोलाने विकलेले होते. ते रोखे विकत घेणाऱ्यांचं व्याज भागवायला आता त्यांच्याकडूनच कर मागितला जात होता. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं: कोर्ट बंद पाडलं. सप्टेंबर १७८६ मध्ये वूस्टरच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर संगिनी रोखून माणसं उभी राहिली. समोर न्यायाधीश होता आर्टेमस वॉर्ड, १७७५ मध्ये बोस्टनला वेढा घालणाऱ्या बंडखोर फौजेचा सेनापती.

तेच गाव, तोच महिना, तीच रीत. बारा वर्षांपूर्वी हे करणारे देशभक्त ठरले आणि आता बंडखोर ठरले. हा फरक का पडला, हे समजलं की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हाती येतं. १७७४ मध्ये सरकार राजाने लादलेलं होतं. १७८६ मध्ये घटना त्यांच्याच गावांनी मंजूर केलेली होती. सॅम्युएल अ‍ॅडम्ससारखा जुना क्रांतिकारक म्हणू लागला, की राजाविरुद्ध बंड वेगळं आणि प्रजासत्ताकाच्या कायद्याविरुद्ध बंड वेगळं. उलट शेतकऱ्यांचं म्हणणं, की सभा आपली असली तरी ती आपलं ऐकत नाही, मग आम्ही करायचं काय? दोन्ही बाजूंचं ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. मला स्वतःला त्या शेतकऱ्यांबद्दल मनापासून सहानुभूती आहे.

या बंडाला नाव पडलं डॅनियल शेज याचं. तो क्रांतियुद्धात बंकर हिल आणि साराटोगाच्या लढायांत लढलेला, फौजेत कॅप्टन झालेला. २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर ते चालून गेले, तोफ डागली गेली, चार माणसं मेली. काँग्रेसला फौज उभारायला पैसा मिळाला नाही; बंड मोडणाऱ्या फौजेचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून केला. त्याच वसंतात निवडणूक झाली, गव्हर्नर पडला, नव्या विधिमंडळाने करांचा बोजा कमी केला. शेजला पुढे माफी मिळाली आणि म्हातारपणी युद्धातल्या सेवेबद्दल पेन्शनही.

व्यापाराच्या तक्रारींवर बोलायला सप्टेंबर १७८६ मध्ये अ‍ॅनापोलिसला एक बैठक झाली होती, तिला पाचच राज्यांचे लोक आले. त्यांनी पुढच्या मेमध्ये फिलाडेल्फियात मोठी सभा बोलवायची शिफारस केली. शेजच्या बंडाच्या बातम्या पोहोचल्यावर त्या आमंत्रणाला वजन आलं. नाखूश असलेला वॉशिंग्टनही जायला तयार झाला.

इथवरचं थोडक्यात: राजाशी भांडण झालं ते कर कोणाच्या संमतीने, यावर. त्या भांडणातून तेरा राज्यांची सरकारं उभी राहिली. त्यांनी आपापसात जी गाठ मारली तिला करच बसवता येत नव्हता. आणि राज्यांनी कर बसवले तेव्हा त्यांच्याच लोकांनी कोर्टं बंद पाडली.

फिलाडेल्फियाची सभा २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ चालली. ऱ्होड आयलंड आलंच नाही. बाकी बारा राज्यांचे एकूण ५५ प्रतिनिधी, शेवटी सही केली ३९ जणांनी. चर्चा गुप्त ठेवली होती. त्यांना अधिकार होता फक्त जुना करार सुधारायचा. त्यांनी तो बाजूला ठेवून नवाच मसुदा केला. हा अधिकाराबाहेरचा प्रकार होता का? कायद्याच्या काटेकोर नजरेने, होय. त्यांची सफाई अशी, की आम्ही फक्त सुचवतोय, निर्णय लोक घेतील.

तिथले बारकावे इथे सगळे लिहीत बसत नाही. व्हर्जिनियाची लोकसंख्या डेलावेअरच्या दहापटीहून जास्त, तरी जुन्या करारात दोघांना एकच मत. यावर सभा मोडायची वेळ आली आणि १६ जुलैला एका मताच्या फरकाने तडजोड झाली: एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात सगळी राज्यं समान. पण माझ्या मते खरा बदल दुसरा आहे. जुनी काँग्रेस राज्यांना हुकूम द्यायची, आणि राज्याने ऐकलं नाही तर त्याच्याशी युद्ध करणं एवढाच उपाय उरायचा. नवं सरकार थेट माणसावर चालणार होतं. त्याचा कर, त्याचं कोर्ट, त्याचा मार्शल. आणि म्हणून त्याला थेट माणसाची संमतीही हवी होती.

हे एका वाक्यात दिसतं. ऑगस्टच्या मसुद्याची सुरुवात होती, आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स वगैरे राज्यांचे लोक, अशी एकेक नाव घेऊन. नऊ राज्यांनी मंजुरी दिली की घटना लागू, असं ठरलं होतं. ती नऊ कोणती हे आधी कोणाला ठाऊक? सप्टेंबरमध्ये भाषा घासूनपुसून घेणाऱ्या समितीत गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचं नावच, पद नव्हे) नावं काढली आणि 'आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक' असं केलं. अडचणीतून सुचलेला हा शब्दप्रयोग पुढे सगळ्या घटनेचा पाया ठरला. आपल्या उद्देशिकेतल्या 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांत त्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो.

त्या 'आम्ही' मध्ये कोण नव्हतं, हे न सांगता पुढे गेलो तर मी शिक्षक म्हणून खोटं बोललो असं होईल. १७९० च्या जनगणनेत ३९ लाखांपैकी जवळपास ७ लाख माणसं गुलाम होती. प्रतिनिधींच्या जागा मोजताना त्यांचा तीन पंचमांश हिशेब धरला, म्हणजे त्यांच्या संख्येवर त्यांच्या मालकांना जादा जागा मिळाल्या. गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही असं कलम घातलं, पळालेल्या गुलामाला परत द्यायचं कलम घातलं. 'गुलाम' हा शब्द मात्र कुठेही वापरला नाही. संमतीने चालणाऱ्या सरकारचा हा पाया होता आणि त्याची किंमत पुढे यादवी युद्धाने वसूल केली. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते ही गुलामी मोडणारे लोक होते.

मग मंजुरीची लढाई. प्रत्येक राज्यात खास सभा निवडली गेली, म्हणजे मॅसॅच्युसेट्सची १७८० ची रीत. डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ ला पहिली मंजुरी दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये शेजच्या परगण्यांतले शेतकरी सभेत निवडून आले होते आणि विरोधात बोलत होते. वकील, शिकलेले आणि पैसेवाले आम्हाला गिळतील, असं ते उघड म्हणत. वर्षभरापूर्वी संगिनी घेऊन उभा असलेला वर्ग आता मतं मोजत होता. घटना १८७ विरुद्ध १६८ मतांनी मंजूर झाली, तीही दुरुस्त्यांची शिफारस जोडून. हरलेल्यांपैकी काहींनी तिथेच उठून सांगितलं, की आम्ही हा निर्णय मानतो. व्हर्जिनियात तिथला जुना गव्हर्नर पॅट्रिक हेन्री याने विचारलं, 'आम्ही लोक' म्हणायचा अधिकार यांना दिला कोणी? तिथे ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. नववं राज्य न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८. विरोधकांना हक्कांची सनद हवी होती. तीच मागणी घटनेचा एक मुख्य शिल्पकार जेम्स मॅडिसन याने नव्या घटनेखालच्या पहिल्या काँग्रेसमध्ये हाती घेतली आणि १७९१ च्या डिसेंबरमध्ये दहा दुरुस्त्या घटनेत आल्या. म्हणून मी म्हणतो, की हे सरकार जिंकलेल्यांइतकंच हरलेल्यांनीही घडवलं.

सैनिकांच्या रोख्यांचं काय झालं, हेही विचारायला हवं. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनच्या योजनेने जुनी कर्जं पूर्ण किमतीने मान्य झाली, पण पैसे मिळाले ते तेव्हा ज्याच्या हातात कागद होता त्याला. मूळ सैनिकालाही काही वाटा द्यावा, हा मॅडिसनचा प्रस्ताव पडला. देशाची पत त्यामुळे उभी राहिली हे खरं. ज्याने अनवाणी लढून तो कागद मिळवला आणि नंतर विकला होता त्याला यातून काहीच मिळालं नाही, हेही तेवढंच खरं.

आता तारखेचं. नव्या काँग्रेसने ४ मार्च १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये कामाला लागायचं होतं, पण कोरम (सभा चालवायला लागणारी किमान हजेरी) भरला नाही. प्रतिनिधीगृहाचा १ एप्रिलला भरला, सिनेटचा ६ एप्रिलला, आणि त्याच दिवशी मतं मोजून वॉशिंग्टन निवडून आल्याचं जाहीर झालं. शपथ ३० एप्रिलला. प्रश्नपत्रिकेत 'घटना केव्हा अमलात आली' असं असेल तर ४ मार्च १७८९ लिहा, 'पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी' असेल तर ३० एप्रिल.

आणि मला माझी तारीख विचारलीत तर ४ जुलै सांगेन, पण १७८९ ची. नव्या सरकारचा जकातीचा कायदा त्या दिवशी वॉशिंग्टनच्या सहीने झाला. ज्या मालाला वेगळा दर ठरवला नव्हता त्यावर पाच टक्के. सात वर्षांपूर्वी एका राज्याने अडवलेला तोच दर, आता लोकांनी निवडलेल्या सभागृहात मतदान होऊन आलेला. ऱ्होड आयलंड तेव्हा अजून संघाच्या बाहेरच होतं. ते आत आलं २९ मे १७९० ला, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.